मंदूबाच्या मुलाचा अकामा

प्रिय अबू तन्मय,

या नावानं मी तुम्हाला कधीच हाक मारली नाही. घरात ‘अहो’ पुरायचं. पण अकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, ऑफिसात खिडकीमागे बसणारे कुवेती तुम्हाला याच नावानं ओळखत, तन्मयचा बाप म्हणून. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही ते असं सांगायचात, जणू सरकारनं किताब दिला आहे. आज मुद्दाम तेच लिहिलं. नवऱ्याशी माझं भांडण नाही. मला त्या बापाशी बोलायचं आहे.

पत्र आजच का? येत्या शुक्रवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे म्हणून. खरी तिथी बुधवारी येते, पण आपले गुरुजी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, त्यांना सुट्टी शुक्रवारी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कुवेतमध्ये पितरांनाही वीकेंड पाळावा लागतो. तन्मय चेन्नईहून येतो आहे, व्हिजिट व्हिसावर. एगैलाच्या ज्या घरात तो रांगला, तिथे आता पाहुणा म्हणून.

दुसरं कारण इरा. तिच्या बारावीच्या परीक्षा जवळ आल्यात, आणि तन्मयच्याच बास्केटबॉल क्लबानं मुलींच्या संघासाठी तिला विचारलंय. परीक्षा संपली की लगेच या, कॉलेजचं नंतर बघू. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. काल जेवताना ती म्हणाली, “मम्मा, बाबा दादाचा अकामा विसरले होते ना, तसा तू माझा विसर. दादा बघ कसा झाला! परत यायला जागाच नसली की माणूस खेळतो.” आणि तिनं आमटी वाढायला वाटी पुढे केली.

ती गंमत करत होती. तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

माझा मजकूर कधी उशिरा गेलेला नाही, हे तुम्ही चारचौघांत सांगायचात. मिरकाबच्या ऑफिसात मासिकाचे अंक आणि मुंबईच्या पेपरचं सदर, दोन्ही वेळेवर. तुम्ही गेलात त्या आठवड्यातलं सदरही गेलं. हा एक मजकूर मात्र वर्षभर अडकून राहिला. आता रविवारच्या आत द्यायलाच हवा.

मेलेल्या माणसाबद्दल बरंच बोलावं, ही रीत मला ठाऊक आहे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी असे श्रद्धांजलीचे मजकूर मीच सुधारून देते. प्रत्येक गेलेला माणूस मनमिळाऊ असतो, प्रत्येकाच्या जाण्यानं पोकळी निर्माण होते. तुमच्या शोकसभेत एकजण म्हणाले, “अविनाशराव कुणाची तारीख विसरले नाहीत.” मग थोडं थांबून, “एक सोडली तर.” सगळे हळहळले. मी पदर डोळ्याला लावला. तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं.

तुम्ही मंदूब झालात तेव्हा माझ्या आईला मंदूब म्हणजे काय हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती, आठवतं? मी म्हटलं, कंपनीतल्या सगळ्या माणसांचे व्हिसे, अकामे, परवाने सरकारी कचेऱ्यांतून काढून आणणारा माणूस. आई म्हणाली, “म्हणजे रांगेत उभं राहायचा पगार का गं?” तुम्ही इतके हसलात की पुढे कुणी काय करता असं विचारलं की तेच सांगायचात. रांगेत उभा राहतो.

पण त्या रांगेत तुम्ही राजे होतात. कुणाच्या बायकोचा अकामा कधी संपतो, कुणाची मुलगी पुण्याला शिकते, कुणाचा मुलगा मणिपालला, सगळं तुमच्या डोक्यात. इथल्या आपल्या घरांमधली ती जुनी धावपळ: मूल शिकायला भारतात गेलं की सहा महिन्यांच्या आत एकदा तरी त्यानं कुवेतला पाय लावून जायचं, नाहीतर त्याचा अकामा मेला, आणि अकामा मेला की आईबापांचं घर त्याच्यासाठी परदेश. तारीख जवळ आली की तुम्ही त्या आयांना फोन करायचात. “वहिनी, पोराला तिकीट काढून द्या. हवं तर विमानतळावरच वडापाव द्या नि परत पाठवा, पण यायला हवं.” ज्याची परीक्षा असेल, आजारपण असेल, त्याच्यासाठी गैरहजेरीची परवानगी काढायचात. अर्ज आधी टाकायचा, एवढंच. फहाहीलमध्ये यूसुफभाईंच्या टायपिंगच्या दुकानात बसून तो अरबी अर्ज तुम्ही किती आयांसाठी टाइप करून घेतलात!

त्या यूसुफभाईंकडे मी येणारच आहे. आधी तन्मय.

तन्मयला बास्केटबॉल तुम्ही दिलात, हे मी मान्य करते. तुमच्या कंपनीतले फिलिपिनो फोरमन शुक्रवारी भाड्याच्या शाळेच्या कोर्टवर खेळायचे. तुम्ही चहाचा थर्मास घेऊन बघायला जायचात आणि लेकाला बरोबर न्यायचात. त्या मोठ्या बाप्यांमध्ये तो शिकला. ते त्याला ढकलायचे, पाडायचे, आणि वर म्हणायचे, रडायचं असेल तर क्रिकेट खेळ. घरी येऊन तो कोपराला बर्फ लावायचा आणि मी तुमच्यावर ओरडायचे. तुम्ही म्हणायचात, “बघ, बॉल दोन्ही हातांनी सारखा चालवतो. मला एका हातानं सही नीट करता येत नाही.”

मग तो शाळेच्या संघाचा कप्तान झाला, गल्फमधल्या शाळांच्या स्पर्धेत चमकला, आणि चेन्नईच्या त्या क्लबाचा माणूस तुमच्याशी बोलायला आला. बारावीनंतर सरळ करार. राहणं, खाणं, मानधन. कॉलेज नको, वेळ जातो.

त्यानंतरचा तो महिना! आपल्या घरात दुसरा विषय नव्हता. मी म्हणत होते, कॉलेजलाही संघ असतात, तिथे खेळू दे, चार वर्षं अंगानं भरू दे, मग जाऊ दे. अठरा वर्षांच्या मुलाला तीस वर्षांच्या माणसांमध्ये सोडायचं म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, शुक्रवारी तेच तर करतो आपण. मी म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी तो घरी येतो. तुम्ही म्हणालात, “चार वर्षांनी याची डिग्री येईल आणि याचा वेग जाईल. डिग्री मिळेल कधीही. वेग कुठल्या कॉलेजात मिळतो, सांग.”

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी शेजारच्या नायरांच्या मुलाकडे बोट दाखवायचे, जो कॉलेजच्या संघातून पुढे गेला होता. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचात, जो कॉलेजात गेला आणि ज्याचा खेळ सुटला. तुमच्या बाजूनं एक उदाहरण, माझ्या बाजूनं एक. असला वाद उदाहरणांवर मिटत नाही.

तो मिटला तुमच्या एका वाक्यावर. मी विचारलं, आणि नाही जमलं तर? पाय मोडला, मन मोडलं, तर? तुम्ही भाजी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, “येईल की घरी. घर कुठे पळून चाललंय?”

मी हो म्हटलं ते या वाक्यावर. तुमच्या वेगावर नाही, क्लबाच्या मानधनावर नाही. घर कुठे पळून चाललंय, यावर. ऐकताय ना?

तन्मय जूनमध्ये गेला. इथे पन्नास डिग्री होतं, तिथे उकाड्यात घाम सुकत नव्हता. पहिले महिने तो फोनवर सगळं छान आहे म्हणायचा, म्हणजे काहीच छान नव्हतं. मग हळूहळू यायला लागलं. वसतिगृहात तमिळ बोलतात, तो तोंडाकडे बघत बसतो. कुवेतहून आलेला म्हणून सगळे त्याला शेख म्हणतात, आणि शेखकडून बॅगा वाहून घेतात. कोच त्याला खेळवत नाही. सामन्याच्या शेवटी, निकाल लागलेला असताना, घाम पुसायच्या आत संपेल इतका वेळ कोर्टवर सोडतो.

नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी त्याचा फोन आला आणि तो बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “मम्मा, आय वॉन्ट टू कम होम.” मी म्हटलं, ये. आजच तिकीट काढते. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात, बाल्कनीत गेलात, काच लावून घेतलीत. काचेतून तुमचे हात हलताना दिसत होते. परत येऊन म्हणालात, “सीझन संपू दे म्हणालो. पोरगा ऐकणारा आहे.”

मी विचारलं, त्याची तारीख? सहा महिने होत आलेत. तुम्ही म्हणालात, “माझ्या डोक्यात आहे.”

खोटं नव्हतं तेही. डोक्यातच होतं.

डिसेंबरच्या मध्यात तुम्ही ऑफिसातून आलात, बूट न काढता सोफ्यावर बसलात आणि कपाळाला हात लावलात. “राहून गेलं गं. तन्मयचं राहून गेलं. कंपनीत इन्स्पेक्शन होतं, त्या गडबडीत... तारीख उलटली.” मी पहिल्यांदाच तुम्हाला तसं बसलेलं बघितलं. बायको म्हणून काय करणार? चहा केला. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं असं, तुम्हीही माणूसच आहात. रात्री तन्मयला मीच फोन करून समजावलं की बाबांना रागावू नकोस, त्यांना फार लागलंय.

तुम्ही चांगले नट होतात, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मंडळाच्या नाटकात तुम्ही कायम पडदा ओढायला असायचात!

लोकांनी सोडलं नाही. तिळगुळाच्या कार्यक्रमात देसाई म्हणाले, “काय अविनाशराव, गावाची पोरं आणलीत आणि घरचं बाहेर ठेवलंत?” सगळे हसले. तुम्ही मान खाली घालून हसलात. माझा संताप झाला, मी देसाईवहिनींशी महिनाभर बोलले नाही. कुणासाठी भांडत होते मी?

मग पुढचा डिसेंबर. तुमच्या छातीत दुखायला लागलं ते ऑफिसातच. हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा नळ्या लावल्या होत्या आणि तुम्ही जागे होतात. पहिलं वाक्य, “तन्मयला बोलव.”

मी म्हटलं, बोलवते. पण तन्मयला बोलवायचं म्हणजे तिकीट काढायचं नव्हतं. व्हिसा काढायचा होता. कुवेतमध्ये जन्मलेल्या मुलाला कुवेतमध्ये मरणाऱ्या बापाला भेटायला.

यूसुफभाई आले. तुम्ही त्यांना पलंगावरून सूचना देत होतात. अमुक ऑफिसला जाऊ नको, तमुकला जा, तिथे अबू फहाद असेल, माझं नाव सांग. आवाज निघत नव्हता तरी खिडक्यांचे नंबर बरोबर होते. यूसुफभाई धावले. अबू फहादनं तुमचं नाव ऐकून छातीवर हात ठेवला, तुमच्यासाठी दुआ केली आणि म्हणाला, “बुकरा.” उद्या. तुम्ही आयुष्यभर आम्हाला तो शब्द हसत हसत ऐकवलात. कुवेतमधला उद्या म्हणजे कधीही, असं म्हणायचात.

तुम्ही विचारत राहिलात, कुठवर आलं? किती दिवस लागतील? मी काय सांगणार? या देशात त्या प्रश्नाचं उत्तर ज्याला सगळ्यात चांगलं माहीत होतं, तो माणूस माझ्यासमोर पलंगावर झोपला होता.

दोनदा तुम्ही माझा हात धरून “ऐक ना” म्हणालात. दोन्ही वेळा पुढे पाणी मागितलंत. काय सांगायचं होतं? ते सांगायचं होतं का? की खरंच तहान लागली होती? वर्षभर मी यावर विचार करते आहे आणि तुम्हाला संशयाचा फायदा द्यायचा नाही असं ठरवलं आहे.

तुम्ही शनिवारी गेलात. व्हिसा रविवारी आला. त्याचा काही उपयोग उरला नव्हता. तुम्हीच तिकडे निघाला होतात.

मुंबईला तन्मय विमानतळाच्या कार्गोच्या दाराशी उभा होता. सामन्यावरून तसाच आला होता, संघाचा ट्रॅकसूट घालून. तिथल्या माणसानं कागद मागितले आणि तुमच्या लेकानं ते क्रमानं लावून दिले. तुमच्यासारखे, कोपरे जुळवून. पेटी बाहेर आली तेव्हा तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा तुम्हाला काहीतरी बोलेल. बोलायला हवं होतं. तो म्हणाला, “ही जस्ट फर्गॉट, मम्मा. डोन्ट बी मॅड ॲट हिम.”

मला समजावत होता. तुमच्या बाजूनं!

सगळं उरकून इरा आणि मी कुवेतला परत आलो. यूसुफभाई बायकोला घेऊन भेटायला आले. दापोलीकडचा माणूस, तोंडात साखर आणि पोटात काही राहत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. त्यांनी खजुरांचा डबा ठेवला, रडले, तुमच्या आठवणी काढल्या. मग म्हणाले, “वहिनी, एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. तुम्हाला तर माहीतच असेल. तन्मयची तारीख जवळ आली तेव्हा मी अविनाशला बोललो होतो. म्हटलं, दे माहिती, दोन मिनिटांत अर्ज टाइप करतो, परवानगी मिळून जाईल. तर बोलला, नको टाइप करूस. दार उघडं ठेवलं तर पोरगा डिसेंबरात घरी येऊन बसेल. बंद होऊ दे. झक मारत खेळेल.”

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

का म्हटलं, ठाऊक नाही. कदाचित त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून. किंवा माझ्या नवऱ्यानं मला फसवलं, हे बाहेरच्या माणसाकडून कळलं असं दाखवायचं नव्हतं म्हणून. ते गेल्यावर मी खजुरांचा डबा उघडला आणि उभ्यानं एकेक खजूर खात राहिले. बिया ओट्यावर रांगेत ठेवत. रांगेत उभा राहतो, म्हणे.

तुमच्या बाजूनं जे म्हणता येईल, तेही लिहिते. वाद एकतर्फी लिहू नये, हे मला संपादकांनी शिकवलं आहे.

तुमचं जमलं. हेच तर सगळ्यात वाईट आहे. दुसऱ्या सीझनमध्ये कोचनं तन्मयला हळूहळू खेळवायला घेतलं. आता तो सुरुवातीच्या पाचात आहे. तमिळ बोलतो, शिव्यांसकट. त्याला कोणी शेख म्हणत नाही. नवीन मुलाच्या बॅगा तो स्वतः उचलतो, असं त्याचा कोच मला म्हणाला. गेल्या महिन्यात फोनवर तन्मय मला म्हणाला, “त्या डिसेंबरात मला येता आलं असतं ना मम्मा, तर मी आलो असतो आणि परत गेलो नसतो. बाबांची चूक, बेस्ट थिंग दॅट हॅपन्ड टू मी.”

खूश आहात? ऐकलंत? तुमचा मुलगा म्हणतो, तुमची चूक ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट.

ती चूक नव्हती, एवढंच त्याला माहीत नाही. एका रडणाऱ्या मुलाच्या पाठीमागचं दार त्याच्या बापानं हातानं ओढून घेतलं, कडी घातली, आणि मग सोफ्यावर बसून कपाळाला हात लावला, हे त्याला माहीत नाही. तो एका विसराळू बापावर प्रेम करतो. तसा बाप त्याला नव्हता.

आणि तो मोडला असता तर? त्या वसतिगृहात, त्या डिसेंबरात, परत यायला कुठेच जागा नाही हे कळल्यावर एखाद्या मुलानं काय काय केलं असतं, याचा विचार केला होतात? मी करते. आजही, तो सुरुवातीच्या पाचात असतानाही, करते. तुम्ही मुलावर जुगार खेळलात आणि जिंकलात. जिंकलेल्या जुगाऱ्याला लोक दूरदृष्टीचा म्हणतात. मी म्हणणार नाही.

शाळेतून थेट व्यावसायिक व्हावं की नाही, यावर आपण तो महिनाभर भांडलो. आज मला कुणी विचारलं तर सांगेन, ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यावं. अठरा वर्षांचं मूल हे ठरवू शकतं. पण ज्यानं ठरवलं त्यालाच ते बदलताही आलं पाहिजे. जायचं त्यानं ठरवलं होतं. राहायचं तुम्ही ठरवलंत. त्याचं राहणं त्याचं नाहीच. तो एवढा चांगला खेळतो, आणि त्यात त्याचं किती, तुमच्या कडीचं किती, हे तो कधीच सांगू शकणार नाही. हे तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलंत. तुमच्या जाण्यापेक्षा हे मोठं नुकसान आहे, आणि हे मी शांतपणे लिहिते आहे.

शिक्षा तुम्हाला झाली, हे मान्य. जी भिंत त्याच्यासाठी बांधलीत तिच्या आतल्या बाजूला तुम्हीच पडून होतात, आणि तो बाहेर. “कुठवर आलं” विचारत गेलात. मला वाईट वाटायला हवं. वाटतंही, भांडी घासताना, बाल्कनीची काच लावताना. पण तुम्हाला शिक्षा झाली म्हणून तन्मयचं काही परत मिळालं असं नाही.

आता इरा. ती जाईल. हो, मीच हो म्हणते आहे, ज्या बाईनं तेव्हा महिनाभर नाही म्हटलं होतं. रविवारची वाट न बघता आज सकाळी क्लबाला कळवलं. त्याआधी फहाहीलला जाऊन आले. ती माझ्या अकाम्यावर आहे आता, सही माझी चालते. गैरहजेरीचा अर्ज कधी टाकायचा, ते विचारून घेतलं. यूसुफभाई म्हणाले, “वेळ आली की मी सांगतो, वहिनी.” मी म्हटलं, तुम्ही सांगू नका, मीच येईन. त्यांनी माझ्याकडे बघितलं. समजले असावेत. चहा मागवला आणि काही बोलले नाहीत, त्या माणसाच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

इराचाही एक वाईट डिसेंबर येईल. प्रत्येकाचा येतो. ती फोन करेल आणि नुसता श्वास ऐकू येईल. मी म्हणेन, ये. कदाचित ती येईल आणि परत जाणार नाही. कदाचित तिच्यात भावापेक्षा जास्त खेळ असेल आणि तो माझ्या एका ‘ये’मुळे वाया जाईल. इथेच कुठल्यातरी ऑफिसात हिशेब लिहीत बसेल आणि शुक्रवारी फिलिपिनो बायकांबरोबर खेळेल. तुमच्या पद्धतीनं खेळाडू तयार होतो, माझ्या पद्धतीनं होईलच असं नाही. मला चालेल. तुम्हाला नसतं चाललं.

पण तिला ती गंमत परत करू द्यायची नाही. बापाच्या विसरण्यानं दादा घडला, हे मनात धरून ती गेली, तर उद्या तिच्या मुलांची दारं तीच लावेल. म्हणून तिला सांगावं लागणार. आणि तिला सांगायचं तर आधी त्याला.

तन्मय गुरुवारी उतरतो आहे. शुक्रवारी सकाळी गुरुजी येतील, पाट मांडतील, त्याला दक्षिणेकडे तोंड करून बसवतील. तो तुमच्या नावानं पिंड ठेवेल, पाणी सोडेल. मनात म्हणेल, बाबा, तुम्ही विसरलात, मी रागावलो नाही. त्या पाण्यावर तुम्ही तृप्त व्हाल? दुसऱ्याच कुणासाठी दिलेल्या पाण्यावर?

तुमची ती तृप्ती मी होऊ देणार नाही. हे क्रूर आहे का? आहे. मुलाशीही क्रूर आहे. त्यानं मुंबईच्या विमानतळावर मला जे वाक्य दिलं, ते मी त्याच्याकडून परत काढून घेणार आहे. त्याच्या तोंडावर काय होईल, ते मी वर्षभर रोज बघते आहे. म्हणूनच वर्षभर अडकलं.

तर हे माझं वचन. गुरुवारी संध्याकाळी, जेवणाआधी, त्याच बाल्कनीत बसवून मी त्याला सगळं सांगेन. काच उघडी ठेवून, म्हणजे इरालाही ऐकू जाईल. यूसुफभाईंचे शब्द जसेच्या तसे. तुमचं “घर कुठे पळून चाललंय” तेही. तुम्ही दोनदा पाणी मागितलंत तेही सांगेन, कारण ते लपवलं तर माझ्यात आणि तुमच्यात फरक काय? मग त्याला विचारेन, उद्या बसायचं की नाही. नाही म्हणाला तर गुरुजींना मी फोन करेन. त्यांची एक सुट्टी वाचेल.

आणि हो म्हणाला, सगळं कळूनही पाटावर बसला, तर ते पाणी तुम्हाला पोचेल. पहिल्यांदाच. ते तुम्हाला देणारा मुलगा अडकून राहिलेला नसेल. दार उघडं असेल आणि तरी तो बसलेला असेल.

तुम्ही त्याला हे कधी विचारलं नव्हतंत. मी विचारणार आहे.

— उम्म तन्मय, तन्मयची आई,
आणि इराचीही, जिच्या नावानं तुम्हाला कधी कुणी हाक मारली नाही